घरासाठी कसदार जमीन

माती ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मी स्वतः म्हणत नाही. लोक म्हणतात. मी फक्त त्यांना अडवत नाही.

रिसोडच्या बाहेर, नाल्याच्या काठाला आमचं ओलिताचं वावर आहे. वांगी, मेथी, टमाटे आणि एका तुकड्यात हळद. मराठी घेऊन मी बी.ए. झालो आणि दुसऱ्याच दिवशी वांग्यांना पाणी द्यायला लागलो. माझ्या बी.ए.चा वांग्यांना काही फायदा झाला नाही, आणि तोटाही झाला नाही, हे त्यांचे उपकार. पण माती मला कळते. कोणाला वावर घ्यायचं असलं की लोक मला सोबत नेतात. पार आसेगावापर्यंत नेलेलं आहे. मी वावरात उतरतो, चप्पल काढतो, टाचेनं ढेकूळ फोडतो, मूठभर माती तळहातावर घेऊन तिच्यावर थोडं पाणी टाकतो, गोळा वळतो, वास घेतो. मग बराच वेळ काहीच बोलत नाही. हे न बोलणं फार महत्त्वाचं असतं. सोबतची मंडळी माझ्या तोंडाकडे बघत ताटकळत उभी राहतात. मग मी म्हणतो, "घेऊन टाका," नाहीतर म्हणतो, "चाला, घरी जाऊ." माझं नाव बापूराव. पण त्या घटकेला मी स्वतःलासुद्धा बापूरावजी वाटतो.

एवढ्या मोठ्या माणसानं स्वतःसाठी गावात घराचा प्लॉट कसा पाहिला, त्याची ही हकिकत. खरं तर ती माझ्या बायकोची हकिकत आहे, पण तीत मी सगळीकडे मधे मधे आलोय. त्याला इलाज नाही, जन्मभर तसाच येत आलोय.

बायकोचं नाव पंचफुला. माहेर शेलूबाजार, तेही बाजाराच्या गल्लीतलं. घराला घर चिकटलेलं, एकीनं फोडणी दिली की चौथ्या घरात ठसका. रस्त्यावर जीपवाल्यांचा ओरडा, ओट्यावर बायका, आणि पंचफुला त्या सगळ्यांत पाच-सहा बायकांचं एकटी बोलायची, असं तिचा भाऊ सांगतो. मला ते खोटं वाटायचं. कारण लग्न होऊन ती आली ती थेट आमच्या वावरातल्या दोन खोल्यांत. सगळ्यात जवळचं घर नाल्याच्या पलीकडे, आणि त्यातही एक बहिरा बुढा. वावर सोडून गावात राहायचं म्हटलं तर विजेची लाइन रात्रीची, मग मोटर कोण चालू करणार? रात्री रानडुकरं, दिवसा वानरं, ती कोण हाकलणार? म्हणून आम्ही वावरातच राहिलो. म्हणजे मी जा-ये करत राहिलो, मंडीत, चहाच्या टपरीवर, लोकांची माती पाहायला. ती राहिली.

तिच्या बोलण्याच्या कितीतरी गमती मी टपरीवर सांगून लोकांना हसवलं आहे. बियाणं विकणारा पोरगा वावरात आला की चहा प्यायल्याशिवाय सुटत नाही, आणि चहाबरोबर त्याच्या मामाच्या पोरीच्या सोयरिकीपर्यंत सगळं सांगून जातो. लाइनमन तर आमच्या खांबावर बिघाड नसला तरी चढतो. एकदा तिला चुकून परभणीकडच्या कोण्या बाईचा फोन लागला. लोक रॉंग नंबर म्हणून ठेवून देतात. या दोघींनी लिंबाच्या लोणच्यापासून सुरुवात केली, आणि आता त्या बाईच्या सुनेला दिवस गेलेत हे मला माहीत आहे. कोणी नसलं तर ती वांग्यांशी बोलते. वांगी तोडता तोडता त्यांना रागावते, कधी शाबासकी देते. टपरीवर लोक विचारायचे, "बापूराव, वयनी आज वांग्याइले काय म्हने?" मी नक्कल करून दाखवायचो. फार छान जमायची मला ती नक्कल.

"गावात एखांदं घर घेऊ," असं ती लग्नापासून म्हणत आली. मी म्हणायचो, "वावर कोन पाहीन?" इथं विषय संपायचा. पण आमचा शिवम पुण्याला कंपनीत लागला आणि त्यानं घात केला. गेल्या दिवाळीला त्यानं मोबाइलवरून मोटर चालू करायचा डबा आणून बसवला. कुंपणाला झटका मशीन लावली, रानडुकरं येईनाशी झाली. त्यातच ठेवून दिलेल्या हळदीला भाव आला आणि ती विकली गेली.

पंचफुला म्हणाली, "तुमची मोटर आता फोनवर चालते. डुकरं बी येत नाई. हळद बी इकली. आता कायले थांबाचं?"

मी घरातला कर्ता माणूस म्हणतो तेच म्हणालो, "पाहू." तिनं त्याच दिवशी हरीओमला फोन केला.

हरीओम रिसोडात प्लॉटची दलाली करतो. आधी तो शेलूबाजारच्या रस्त्यावर जीप चालवायचा. धंदा बदलला, पण सवय गेली नाही. जीप भरताना तो ओरडायचा, "चाला, एकच शीट राह्यली!" आणि मागं अर्धी जीप रिकामी असायची. आता तो म्हणतो, "काका, या ले-आउटात एकच प्लॉट राह्यला," आणि समोर नजर जाईल तिथपर्यंत नुसते चुन्याचे पट्टे दिसतात.

पहिला प्लॉट त्यानं बसस्टँडमागं दाखवला. पंचफुला गाडीवर माझ्या मागं होती. मी उतरलो, चप्पल काढली, टाच मारली. टाच दुखली. लाल मुरूम होता, नुसता खडक म्हणा. मुठीत घेतला तर गोळा होईना.

मी म्हणालो, "हरीओम, यात तं कुसळ बी उगवनार नाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. "काका, उगवाचं काय हाय त्यात?"

जीपवाल्याला मातीतलं काय कळणार, म्हणून मी त्याच्याशी वाद घातला नाही.

दुसरा प्लॉट गावातल्याच एका गल्लीत, पिठाच्या गिरणीसमोर होता. दोन्ही बाजूंनी घरं. गिरणीची धडधड अशी की हरीओम भाव सांगत होता तो मला ऐकू येत नव्हता. खाली परत मुरूम. शेजारच्या घरी रीता नावाची बाई शिवणकाम करायची. तिच्या बोअरचं पाणी मी मागून प्यायलो, मचूळ लागलं. मी हे सगळं मनात टिपून घेतलं आणि पंचफुलेला हाक मारली. पंचफुला दिसेना. ती रीताच्या घरात बसून चहा पीत होती आणि मांडीवर रीताच्या लग्नाचा अल्बम उघडा होता. तिला तिथून उठवायला मला दोनदा गाडीचा हॉर्न वाजवावा लागला.

परत येताना ती मागून म्हणाली, "रीता म्हने गिरनी सायंकाई बंद असते."

"मी मातीचं बोलून राह्यलो."

"मी बी तिथलंच बोलून राह्यली ना. तिची सासू लय चांगली हाय. मले पापडाचं पीठ मयाले ये म्हने."

"खाली मुरूम हाय!"

"असंन," ती म्हणाली, आणि रीताच्या नणंदेचं सांगायला लागली.

मी त्या दिवशी ठरवून टाकलं की पुढच्या वेळेपासून एकटंच जायचं. बायकांना व्यवहारातलं कळत नाही. त्या माती सोडून माणसं बघत बसतात.

हरीओमनं आता माझी नाडी ओळखली होती. कोणाला खिडकीजवळ बसायचं आणि कोणाला पुढं, हे ज्यानं वर्षानुवर्षं चेहऱ्यावरून ओळखलं, त्याला मी ओळखायला असा कितीसा वेळ लागणार! पौष महिना होता. त्यानं मला एकट्याला गावाच्या पार बाहेर, नव्या ले-आउटात नेलं. ले-आउट म्हणजे कोणाचं तरी ओलिताचं वावर होतं आणि त्यात हरभरा उभा होता. हरभऱ्यात मधे मधे हद्दीचे दगड. मी चप्पल काढली. पाय असा गार मातीत रुतला की काय सांगू. काळीभोर, ओली, तुपासारखी माती. कोपरापर्यंत हात घालून उकरलं, खाली तेवढीच काळी. गोळा वळला, वास घेतला, आणि नेहमीसारखा गप्प उभा राहिलो. हरीओमही ओठ दाबून उभा होता. तेव्हा मला वाटलं, आदरानं. आता वाटतं, हसू दाबून.

"शेजार?" मी विचारलं.

"कोनीच नाई काका. एका बाजूले नाला, बाकी सारं मोकळं. पाच-सात वर्षं तुमाले कोनी तरास देनार नाई. एकच राह्यला."

विहिरीचं पाणी प्यायलो तर ते खोबऱ्यासारखं गोड. मी तिथंच इसार देऊन टाकला. खरेदी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, करायची ठरली. घरी येऊन पंचफुलेला म्हणालो, "अशी माती भेटली, का खाऊन पाहावं!"

ती म्हणाली, "अन् शेजारी?"

"कोनाची कटकट नाई."

ती काही बोलली नाही. मी गप्प बसतो तेव्हा मनात काहीतरी थोर चाललेलं असतं, असा माझा समज. म्हणून तिचं गप्प बसणं म्हणजे आनंद, असं मी धरून चाललो.

शिवमला फोनवर सांगितलं तर तो आधी नुसता हसतच सुटला. "बाबा, किती खोल काळी माती हाय म्हनता?"

"दोन मानूस तरी असंन!" मी अभिमानानं म्हणालो.

"बाबा, आपल्याले घर बांधाचं हाय का पेराचं हाय?"

पुण्याला गेलेल्या पोरांना मातीची ओळख राहत नाही, असं म्हणून मी फोन ठेवला. तरी ते मनात टोचत राहिलं. आमच्या वावरातलं घर काळ्यावरच उभं आहे. दर उन्हाळ्यात भिंतीला भेगा पडतात आणि पंचफुला शेणमातीनं बुजवते. दर पावसाळ्यात दार फुगून बसतं आणि मी त्याला लाथ मारतो. ही काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की फाटते, हे मला माझ्या नावाइतकं माहीत आहे. म्हणून तर तीत कापूस पिकतो. पण कापसाला जे मानवतं ते भिंतीला मानवणार नाही, हे माझ्या डोक्यात काही केल्या आलं नाही. आजवर मी कोणत्याही जमिनीकडं पाहिलं ते तिच्यात काय पेरता येईल, एवढ्याचसाठी.

चैत्रात पंचफुला म्हणाली, "मले एकदा दाखवा तं."

गेलो. हरभरा निघून गेला होता. ती माझी तुपासारखी माती ऊन खाऊन फरशीसारखी कडक झाली होती, आणि जिकडे तिकडे भेगा. हद्दीचा एक दगड भेगेत कलला होता. मी चप्पल काढली नाही, चटका बसला असता. पंचफुला भेगा ओलांडत ओलांडत मधोमध जाऊन उभी राहिली. तिनं भेगांकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं चारी बाजूंना बघितलं. नाला. वावर. वावर. लांबवर एक झाड आणि त्याखाली एक बैल.

"तुमी मले एका वावरातून काढून दुसऱ्या वावरात ठेवून राह्यले," ती म्हणाली.

"अवं, पानी लय गोड हाय," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

"घर तं हायच ना आपल्याले! मले मानसं पाह्यजे होते. दारातून हाक मारली तं कोनीतरी ओ द्याले पाह्यजे. सारं गाव हासते, पंचफुला वांग्याइसंग बोलते म्हून. तुमी बी हासता, मले सारं ठाव हाय. कोनासंग बोलू मंग? तुमी असता का घरी?"

आणि ती तिथं बसून रडायला लागली. तोंड झाकलं नाही, काही नाही. तिच्या बापाच्या तेरवीलाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. जवळ जावं, तिच्या पाठीवर हात ठेवावा, असं वाटलं. पण लग्नापासून उघड्यावर तसं कधी केलेलं नाही, म्हणून मी हद्दीचा कललेला दगड सरळ करत बसलो. तोही सरळ होईना.

घरी आल्यावर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वांग्यांशीसुद्धा नाही. तिसऱ्या प्रहरी बियाणंवाला आला, तो चहा पिऊन मुकाट्यानं गेला. जाताना मला बाजूला घेऊन विचारून गेला, "काकूले बरं नाई का?"

आता मला काय करायचं ते कळत होतं आणि ते करायची छाती होत नव्हती. इसार बुडणार, त्याचं दुःख होतंच, माळ्याच्या पोटी जन्म घेतला आहे. पण त्याहून मोठं दुःख म्हणजे सगळ्या रिसोडला कळणार होतं. मातीवाला बापूराव मातीतच फसला! हरीओमला सांगितलं म्हणजे बसस्टँडवर भोंगा लावून सांगितल्यासारखं. मी अनेक युक्त्या लढवल्या. दगड टाकून पाया भरू. पुढं ले-आउट वसलं की माणसं येतीलच. पंचफुलेला तोवर नवा फोन घेऊन देऊ. या शेवटच्या युक्तीची मलाच लाज वाटली, आणि मी गाडीला किक मारली.

हरीओम म्हणाला, "काका, इसार वापस नाई भेटत."

"ठाव हाय. तो गिरनीसमोरचा हाय का?"

"एकच राह्यला," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यात हे वाक्य बहुधा पहिल्यांदा खरं होतं, कारण गिरणीसमोरचा प्लॉट कोणालाच नको होता. मग त्यानं गंभीर तोंड केलं. "पन काका, तिथं मुरूम हाय. कुसळ बी उगवनार नाई."

"घराले मुरूमच पाह्यजे," मी म्हणालो, जणू हा शोध माझाच. "काळी माती भिंत धरून ठेवत नाई, येवळं बी तुले कसं समजत नाई?"

हरीओम एवढा हसला की त्याला खुर्चीवरून उठून बाहेर जावं लागलं. सायंकाळपर्यंत टपरीवर बातमी पोचली. तेव्हापासून मला रोज कोणीतरी विचारतं, "बापूराव, स्लॅबले कोनतं खत टाकाचं?" "खिडक्या लवकर पेरल्या का उशिरा?" मीही हसतो. इतकी वर्षं मी दुसऱ्याची नक्कल करून त्यांना हसवलं, आता माझी पाळी आली, एवढंच.

आखाजीच्या आदल्या दिवशी खरेदी झाली आणि आखाजीला आम्ही प्लॉटवर नारळ फोडला. मी मुहूर्ताची कुदळ मारली ती टणकन उडून परत आली. हाताला झिणझिण्या आल्या. गिरणी सणाची म्हणून बंद होती. नारळाचे तुकडे करून मी पंचफुलेला द्यायला वळलो तर पंचफुला जागेवर नाही. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे, रीताच्या अंगणात, ती पाय पसरून बसली होती आणि बोलत होती.

मी भिंतीशी थांबलो. ती शेलूबाजारचं सांगत होती, गल्लीतल्या कोण्या बाईनं कोण्या बाईची कोंबडी कशी लपवली होती ते. हात उडवत होती, आवाज बदलत होती, रीता आणि तिची सासू दोघी पोट धरून हसत होत्या. माझ्याहून चांगल्या नकला करत होती ती. एवढी वर्षं संसार केला आणि ही बाई अशी बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. कोंबडीची गोष्ट तर मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

हसू ओसरल्यावर रीतानं विचारलं, "ताई, तुमी येवळे वर्षं वावरात एकट्या कशा राह्यल्या व?"

"राह्यली," पंचफुला म्हणाली. "कोनी इचारलंच नाई ना बाई."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. वांग्याचा भाव सांगावा तसं म्हटलं आणि चहाचा कप उचलला. मला भिंतीशी उभं राहवेना. मी खरोखर लाजलो, आणि लाज वाटली की मी गप्प बसतो, पण त्या दिवशी गप्प बसलो नाही. भिंत ओलांडून अंगणात गेलो, तिच्या हातावर नारळाचा तुकडा ठेवला आणि विचारलं, "घराचं दार कोन्या बाजूले ठेवाचं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करतोय का, हे तिनं नीट बघून घेतलं. रस्ता पूर्वेला आहे. पूर्वेचं दार म्हणजे उगवतीचं दार, कोणालाही विचारा. तिनं रस्त्याकडे पाहिलंही नाही. ज्या अंगणात बसली होती त्याकडेच बोट केलं.

"इकडं. रीताच्या दारासमोर."

रीताचं घर आमच्या दक्षिणेला आहे. दक्षिणेला दार कोणी ठेवत नाही, ती यमाची दिशा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला ते सांगायचं होतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, मी त्याच्यावर नारळाचा मोठा तुकडा कोंबला आणि चावून होईपर्यंत थांबलो.

"ठीक हाय," मी म्हणालो. "तिकडंच काढू."